मुरघास : भरणे एकदा, राखणे रोज

गुरे पाळणाऱ्याच्या वर्षाचे सरळ दोन भाग पडतात. आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत बांधावर, माळावर, शेतात सगळीकडे हिरवे असते आणि गोठ्यात वैरणीची चिंता नसते. उसाच्या मुलखात पुढचे माघ-फाल्गुन वाढ्यांवर आणि कडब्यावर निघतात. परंतु चैत्र उजाडला, कारखान्यांचे गाळप थांबले, की वाढे संपतात, कडब्याची गंज निम्म्यावर येते आणि दुभत्या जनावराची धार बारीक होऊ लागते. घरात रोज येणारा पैसा नेमका त्याच वेळी आटतो, जेव्हा खरिपासाठी बी-खताची तरतूद करावयाची असते. मग जनावर बाजारात न्यावे लागते. आणि ज्या बाजारी सगळेच विकणारे असतात, तेथे गाभण म्हैसही मातीमोल जाते. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी जुन्या लोकांच्या तोंडी आहेतच. त्यानंतरही २०१३ आणि २०१९ साली महाराष्ट्राच्या कोरड्या तालुक्यांत चारा-छावण्या उघडाव्या लागल्या.

भाद्रपदात शेतात जो मका डोलत असतो, तोच हिरवेपणाच्या गुणांसह वैशाखात गव्हाणीत कसा आणावा, हा ह्या सगळ्यामागचा खरा प्रश्न होय. त्याचे एक उत्तर म्हणजे मुरघास. हे उत्तर नवे नाही. तथापि अनेकांनी ते एकदा करून पाहिले, वरचा हातभर थर काळा-पांढरा होऊन नासला, आतला माल उघडल्यावर तापला, आणि ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून त्यांनी ते सोडून दिले. असे का होते, आणि कोठे चुकते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

मुरणे म्हणजे काय

‘मुरघास’ ह्या शब्दातच निम्मे शास्त्र आले आहे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, तसा घास मुरतो. शेजारच्या कन्नड मुलखात ह्यालाच ‘रसमेवु’ म्हणतात, तर तेलुगू भाषेत ‘पातर गड्डी’, म्हणजे पेवात घातलेले गवत. पाश्चात्त्यांच्या ‘सायलो’ ह्या शब्दाचे मूळही धान्य साठविण्याच्या खड्ड्यातच सापडते. जमिनीच्या पोटात धान्य राखणाऱ्या आपल्या पेवांचा हा दूरचा भाऊबंद म्हणावा.

युरोपात ह्या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप येऊन फार काळ लोटलेला नाही. फ्रान्समधील ओग्यूस्त गोफार ह्या शेतकऱ्याने मक्याच्या मुरघासावर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८७७ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे फिनलंडच्या आर्तुरी व्हिर्तानेन ह्या रसायनशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले, की ओल्या वैरणीची आंबट आम्लता वेळीच पुरेशी वाढली म्हणजे तिची नासाडी थांबते. थंड देशातील कोवळ्या गवतात हे आपोआप नीट घडत नाही, म्हणून त्याने सौम्य केलेले आम्ल वैरणीवर शिंपडण्याची रीत काढली. १९४५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, त्यात ह्या वैरण-संरक्षणाच्या कामाचा मोठा वाटा होता.

मक्याला मात्र बाहेरच्या आम्लाची गरज पडत नाही, कारण त्याच्या ताटात साखर भरपूर असते. कापलेले ताट लगेच मरत नाही. त्यातील पेशी श्वास घेत राहतात. हवेतील प्राणवायू घेऊन साखर जाळतात आणि उष्णता सोडतात. म्हणून कुट्टीचा मोकळा ढीग रात्रभर ठेवला, तर सकाळी तो हाताला गरम लागतो. ती ऊब म्हणजे जनावराच्या पोटात जावयाची साखर होय. ती उगाच जळून गेली. परंतु तीच कुट्टी घट्ट दाबून हवा कोंडली, की उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपतो आणि ज्या जंतूंना हवा लागत नाही त्यांचे राज्य सुरू होते. ह्यांपैकी उपकारक जंतू दह्याच्या विरजणातील जंतूंचे सगेसोयरे आहेत. ते साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता मोजण्याच्या ‘पीएच’ मापावर ताजी कुट्टी सहाच्या आसपास असते. दोन-तीन आठवड्यांत ती चारपर्यंत, किंवा त्याहीखाली उतरते. इतक्या आंबट ठिकाणी कुजविणारे जंतू तग धरीत नाहीत आणि घास स्थिर होतो.

येथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ती पुढची. यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी आंबटपणाला भीत नाही. हवा नसली की ती निपचित पडून राहते, मरत नाही. पुन्हा हवा मिळाली, की ती जागी होऊन तेच लॅक्टिक आम्ल खाऊ लागते. आम्ल कमी झाले की घास तापतो, आणि मग खरी बुरशी व कुजविणारे जंतू येतात. म्हणजे मुरघासाचे रक्षण आम्ल आणि हवाबंदी असे दोन पहारेकरी करतात, आणि त्यांतला दुसरा गेला तर पहिलाही टिकत नाही. लोणच्याच्या बरणीत फोडी दाबून भरतात, वर तेलाचा थर ठेवतात, तोंडाला दादरा बांधतात आणि ओला चमचा आत घालू देत नाहीत. ह्या सगळ्या खटाटोपाचे मर्म जिला कळले, त्या गृहिणीला मुरघासाचे मर्म वेगळे शिकवावे लागत नाही.

कापणीचा दिवस

हवा बाहेर ठेवण्याचे काम शेतातच सुरू होते. मका फार कोवळा कापला तर त्यात पाणी फार. दाबला की रस गळतो, त्याबरोबर साखर व क्षार वाहून जातात, आणि लोणी खवट झाल्यासारखा वास आणणारे वाईट जंतू माजतात. फार वाळलेला कापला तर ताट काडीसारखे ताठ राहते, कितीही तुडवले तरी दबत नाही, आणि काड्यांच्या पोकळीत हवा राहते. ह्या दोहोंच्या मध्ये, शंभर किलो ताज्या मक्यात तीस ते पस्तीस किलो कोरडा अंश असतो, तो नेमका काळ होय.

हा काळ ओळखण्यास प्रयोगशाळा नको. कणीस मधोमध मोडून दाणा पाहावा. दाण्याच्या वरच्या टोकाकडून पिवळा कठीणपणा खाली उतरत जातो आणि खालचा भाग दुधाळ राहतो. ह्या दोहोंमधील रेघ निम्म्यावर आली, की विळे पाजवावेत; ती दोन तृतीयांश खाली जाण्यापूर्वी काम उरकावे. दुसरी खूण मुठीची. ताजी कुट्टी मुठीत घेऊन अर्धा मिनिट घट्ट आवळावी आणि मूठ सोडावी. बोटांतून रस गळला तर चार-सहा दिवस थांबावे. गोळा तसाच घट्ट राहिला तरी ओल थोडी अधिकच आहे. गोळा हळूहळू उलगडला तर ओल नेमकी आहे. मूठ सोडताच भुसा विखुरला तर उशीर झाला. अशा मालाची कुट्टी अधिक बारीक करावी आणि दाबण्यात दुप्पट कष्ट घ्यावेत.

मृगात पेरलेला मका बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्यात बहुधा भाद्रपदात ह्या अवस्थेला येतो. ते दिवस गौरी-गणपतीचे. मजूर घरोघरी गुंतलेले, आणि आभाळही भरवशाचे नसते. पीक सणासाठी थांबत नाही, म्हणून मजूर, कुट्टीयंत्र आणि ट्रॅक्टर यांची बोली आधीच करून ठेवावी. पावसाने ताण दिलेल्या पिकाच्या बुडख्यात नायट्रेट नावाचा घातक क्षार साठतो, विशेषतः ताणानंतर एकदम पाऊस झाला असेल तर. असे पीक आठवडाभर थांबून, जमिनीपासून वीतभर उंच कापावे.

कुट्टीचा तुकडा एक ते दोन सेंटिमीटरचा असावा. लांब तुकडे दबत नाहीत, शिवाय जनावरे ते निवडून बाजूला टाकतात. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात साखर कमी असल्याने तो एकटा नीट मुरत नाही. त्याला मळी किंवा मक्याची जोड द्यावी लागते. योग्य वेळी कापलेल्या मक्याला मात्र काही मिसळण्याची गरज नाही. हल्ली बाजारात जिवाणूंची तयार विरजणे मिळतात. त्यांतील काही उघडलेला घास तापण्यास विलंब लावतात, हे खरे. परंतु सैल भरलेल्या ढिगाला कोणतेही विरजण तारू शकत नाही.

ढिगाची जागा आणि आकार

मुरघास खड्ड्यात करता येतो, तसाच जमिनीवर ढीग रचूनही करता येतो. ज्या भागात पाऊस जास्त आणि पाण्याची पातळी वर, तेथे खड्ड्यात पाणी झिरपते. तेथे जमिनीवरील ढीगच बरा. सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे दोन लांब भिंती, मागे एक आडवी भिंत आणि पुढचे तोंड मोकळे, असा हौद. तळ पक्का असावा व तोंडाकडे किंचित उतार असावा. जागा उंचावर, गोठ्याजवळ, पण विहिरीपासून व ओढ्यापासून दूर असावी. मुरघासातून गळणारा रस दिसायला चहासारखा, परंतु पाण्यात मिसळला तर तो पाण्यातील प्राणवायू फस्त करतो; मासे मरतात आणि विहिरीचे पाणी पिण्यालायक राहत नाही. तो एका लहान टाकीत धरावा आणि भरपूर पाणी घालून शेतात सोडावा.

आकाराच्या बाबतीत बहुतेकांचे गणित उलटे असते. किती माल भरावयाचा हे आधी ठरवून ते रुंद हौद बांधतात. खरे पाहता प्रथम विचार करावयास हवा तो रोज किती माल निघणार ह्याचा. ढिगाचे उघडे तोंड ही हवेला आत शिरण्याची वाट. हवा रोज थोडी थोडी आत शिरत असते. तिच्यापुढे राहावयाचे, तर उष्ण हवेत संपूर्ण तोंडावरून रोज निदान एक वीत, म्हणजे सुमारे पाव मीटर जाडीचा थर निघाला पाहिजे. रोजचा खप कमी आणि तोंड मोठे असेल, तर कापण्यापूर्वीच माल तापू लागतो.

उदाहरणार्थ, पन्नास दुभत्या जनावरांचा गोठा घ्यावा. दर जनावरी वीस किलो मुरघास धरला तर रोज एक टन लागतो. नीट दाबलेला मुरघास घनमीटरला सुमारे ६०० किलो भरतो. म्हणजे रोज १.६७ घनमीटर माल निघेल. थर पाव मीटरचा, तर तोंडाचे क्षेत्र पावणेसात चौरस मीटरपेक्षा अधिक असू नये : दीड मीटर उंची आणि साडेचार मीटरच्या आत रुंदी. चार महिने, म्हणजे १२० दिवस पुरवावयाचे, तर लांबी ३० मीटर. एवढ्या हौदातून १२० टन खायला मिळावयाचा, तर मुरताना व हाताळताना होणारी तूट शेकडा पंधरा धरून सुमारे १४० टन हिरवा मका भरावा लागेल. एकरी १५ टन उत्पन्न धरले, तर साडेनऊ एकरांच्या आसपास मका लागेल. हा हिशेब पेरणीपूर्वी कागदावर मांडावयाचा असतो, कापणीनंतर नव्हे.

आता हाच हिशेब दहा जनावरांसाठी, दर जनावरी पंधरा किलो धरून करावा. रोज १५० किलो, म्हणजे पाव घनमीटर. पाव मीटरचा थर काढावयाचा तर तोंड एक चौरस मीटरचे हवे! इतक्या अरुंद ढिगावर ट्रॅक्टर चढणार नाही. दहा गाईंच्या गोठ्याने शेजारच्या मोठ्या गोठ्याचा हौद पाहून तसाच बांधला, तर निम्मा माल त्याच्या डोळ्यांदेखत नासणार. मुरघास सोडून देणाऱ्या कितीतरी लहान शेतकऱ्यांची चूक हाताची नव्हती, मापाची होती.

भरणे, तुडवणे, झाकणे

भरण्यास सुरुवात केली की मध्ये खंड पडू नये. शक्यतो दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत हौद भरून झाकला जावा. मागच्या भिंतीपासून उतरते थर घालीत पुढे यावे, म्हणजे उघडा राहणारा भाग लहान राहतो. बाजूच्या भिंतींना आतून प्लास्टिकचा कागद लावून त्याची वरची कड बाहेर लोंबती ठेवावी. शेवटी ती मालावर दुमडून घेता येते. भिंतीच्या कडेचा माल बहुधा नासतो तो ह्या एका कागदाच्या अभावी.

एका वेळचा थर वीतभरापेक्षा, किंबहुना १५ सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. तो पसरावा, तुडवावा आणि मगच दुसरा घालावा. दाबणाऱ्या ट्रॅक्टरचे वजन किती असावे, ह्याचा एक सोपा आडाखा आहे : ताशी जितके टन कुट्टी येते, त्याच्या एक चतुर्थांश टन वजन ढिगावर सतत फिरते असावे. वरच्या उदाहरणातील १४० टन माल दोन दिवसांत, रोज आठ तास काम करून आणला, तर ताशी सुमारे नऊ टन होतात. त्याला सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर अखंड फिरावयास हवा. एकीकडे कुट्टीच्या गाड्या येत आहेत आणि दुसरीकडे दाबणारा ट्रॅक्टर चहासाठी उभा आहे, असे झाले तर यंत्र थांबवावे. ढीग सैल राहू देऊ नये. लहान खड्ड्यात हेच काम माणसांच्या पायांनी होते. मात्र कडा आणि कोपरे ह्यांना अधिक पाय लागले पाहिजेत, कारण मधला भाग सगळेच तुडवितात.

ट्रॅक्टर चालविणाऱ्याच्या जिवालाही येथे धोका असतो. भिंतीच्या वर फार उंच ढीग करू नये, कडेला अगदी टेकून चाक नेऊ नये, चढ फार उभा ठेवू नये, आणि भरणी चालू असताना मुलांना ढिगाजवळ फिरकू देऊ नये.

शेवटचा थर मध्यभागी थोडा उंच, मोटेच्या पाठीसारखा गोलसर करावा, म्हणजे पावसाचे पाणी थांबत नाही. लगोलग जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. एका बाजूने पांढरा व दुसऱ्या बाजूने काळा असा कागद मिळाला तर पांढरी बाजू वर करावी. ऊन परतून जाते. कागदावर वजन हवे, आणि ते सगळीकडे सारखे हवे. जुने टायर एकमेकांना चिकटून ठेवावेत, किंवा वाळूची पोती रचावीत; कडांना मातीचा घट्ट बांध घालावा. वरचा ढीग उघडा राहिला, तर त्या थरातील निम्म्यापर्यंत सत्त्वांश नाहीसा होऊ शकतो, आणि दिसते त्यापेक्षा नुकसान जास्त असते. कारण नासलेला काळा थर जेवढा उरतो, त्याच्या कितीतरी पट माल त्यापूर्वी वाफ होऊन उडालेला असतो. झाकल्यावरही काम संपले असे नाही. उंदीर, कावळे, कुत्री कागद फाडतात. आठवड्यातून एकदा फेरी मारून भोके चिकटवावीत.

भरल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत आणखी एक भय असते. नायट्रेटपासून पिवळसर तांबूस रंगाचा, झोंबऱ्या वासाचा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. खोल खड्ड्यात ह्याखेरीज कार्बन डायऑक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास. असल्या खड्ड्यात एकट्याने कधीही उतरू नये. आत कोणी कोसळला तर त्याला काढण्यासाठी धावत उतरणारा दुसराही बळी पडतो, म्हणून आधी बाहेरून मदत बोलवावी.

उघडल्यानंतरची शिस्त

सहा आठवडे ढीग हलवू नये. त्यानंतर तो उघडता येतो; न उघडला आणि हवाबंद राहिला, तर वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ टिकतो. पुष्कळ मेहनत घेऊन केलेले काम बिघडते ते येथून पुढे, कारण भरणी हा चार दिवसांचा सोहळा असतो, तर काढणी हे चार महिन्यांचे रोजचे, कंटाळवाणे काम.

रोज लागेल तेवढाच कागद मागे घ्यावा. वरपासून खालपर्यंत सरळ उभा काप घेत, संपूर्ण रुंदीवरून थर काढावा. कुदळीने किंवा यंत्राच्या सुपाने खालून उकरून ढीग सैल करू नये. एक तर त्या भेगांतून हवा हातभर आत जाते, आणि दुसरे असे, की वरचा लोंबता भाग अचानक कोसळतो. दोन पुरुष उंचीच्या ढिगाखाली माणूस सापडला तर त्याला उसंत मिळत नाही. काढलेला माल त्याच दिवशी खाऊ घालावा. उद्याचा आज काढून ठेवू नये. खाली सांडलेला चुरा झाडून घ्यावा. तापलेला चुरा ताज्या मालाला लागतो. वरचा नासलेला थर निवडून खतात टाकावा, आणि ‘थोडासाच आहे’ म्हणून चांगल्यात मिसळू नये.

मुरघासाची पारख डोळ्यांनी, नाकाने आणि हाताने होते. रंग हिरवट पिवळा असावा, वास ताकासारखा, किंवा पिकल्या फळासारखा आंबूस असावा आणि तुकडा ओळखता यावा. तपकिरी रंग आणि तंबाखूसारखा वास आला, तर माल भरताना तापला आणि त्यातील प्रथिने जनावराला लागेनाशी झाली. खवट लोण्याचा किंवा घाण वास आला, तर माल फार ओला होता किंवा त्यात माती गेली. तोंडापासून हातभर आत हात खुपसून पाहावा. भरून महिने लोटले असता आत गरम लागले, तर हवा शिरली आहे असे समजावे.

पांढरी, निळसर किंवा हिरवी बुरशी दिसली तर मात्र कंजूषपणा करू नये. काही बुरशींचे विष दुधातून बाहेर पडते, आणि ते दूध कोणाच्या तरी घरी लहान मुलाच्या वाटीत जाते. नासक्या मुरघासातून लिस्टेरिया नावाचा जंतूही पोटात जातो. शेळ्या-मेंढ्यांत तो मेंदूला बाधतो. जनावर मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरू लागते आणि बहुधा दगावते. गाभण जनावरे त्यामुळे गाभडतात.

चांगला मुरघासही एकदम भरपूर घालू नये. पाच किलोपासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे, म्हणजे पोटातील जंतूंना नव्या आहाराची सवय होते. रवंथ न करणाऱ्या लहान वासरांना तो देऊ नये. त्याचा वास दुधाला लागतो, म्हणून धार काढण्याआधी घालण्यापेक्षा धार काढल्यावर घालावा. मक्याच्या मुरघासात पिष्ट भरपूर, परंतु प्रथिने आणि कॅल्शियम कमी असते; म्हणून त्याबरोबर पेंड, द्विदल चारा, क्षारमिश्रण आणि थोडा कोरडा कडबा हवाच. केवळ मुरघासावर गोठा चालत नाही.

लहान गोठ्यांचे काय

आता राहिला तो लहान शेतकरी, आणि तोच संख्येने अधिक आहे. त्याने मोठ्या हौदाचा नाद सोडावा. दहा जनावरे असतील तर आतून प्लास्टिकचे अस्तर असलेल्या, अर्ध्या ते एक टनाच्या पिशव्या त्याला योग्य. रोज १५० किलो खप असता अर्ध्या टनाची पिशवी तीन दिवसांत संपते. तापण्यास वेळच मिळत नाही. दोनच गाई असतील, तर तीच पिशवी पंधरा दिवसांवर उघडी राहील आणि नासेल. त्याने शंभर किलोच्या पिशव्या भराव्यात, किंवा घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे पिंप वापरावे. पायाने तुडवून, तोंड आवळून, उंदरांपासून दूर ठेवले म्हणजे झाले. एवढीही यातायात परवडत नसेल, तर चांगला वाळविलेला कडबा कुट्टी करून घालणे हे नासक्या मुरघासापेक्षा कधीही श्रेयस्कर, हे सांगण्यात कमीपणा मानू नये.

दुसरा मार्ग एकोप्याचा. बारा-बारा जनावरांचे चार शेजारी एकत्र आले, तर पन्नास जनावरांचा हौद त्यांना बरोबर बसतो. मका चौघांच्या शेतातून यावा, वजन करून वहीत मांडला जावा, आणि ढीग कापण्याचे काम आळीपाळीने न ठेवता एकाच जबाबदार माणसाकडे असावे, कारण सर्वांचे असलेले तोंड कोणीच झाकीत नाही. आणंदला १९४६ साली दूध-उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला, आणि पुढे गावोगावचे दूध एका कॅनमध्ये गोळा करणे साधले. वैरण एका हौदात गोळा करणे त्याहून अवघड असण्याचे कारण नाही; मात्र हिशेब तितकाच चोख हवा.

सारांश, मुरघास करू इच्छिणाऱ्याने मृगापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत : उन्हाळ्यात दावणीला किती जनावरे असतील, त्यांना रोज किती किलो लागेल, आणि तेवढ्या खपाला केवढे तोंड शोभेल. मग पेरणीचे क्षेत्र, हौदाची लांबी किंवा पिशव्यांची संख्या आपोआप निघते. भाद्रपदातील चार दिवस दाबण्यात कुचराई झाली नाही आणि चैत्रापासून रोज कागद नीट झाकला गेला, तर वैशाखाच्या बाजारात दुभते जनावर घेऊन जाण्याची पाळी त्या घरावर सहसा येणार नाही.